जळण कोणाचे, ऊर्जा कोणाची?

लाकडाला आज नव्याने प्रतिष्ठा मिळते आहे. लाकडाचा भुसा यंत्राने दाबून त्याच्या करंगळीपेक्षा बारीक कांड्या करतात; बाजारात त्यांना पेलेट म्हणतात. या कांड्या मोठमोठ्या विद्युत्केंद्रांच्या बॉयलरमध्ये जाळल्या जातात आणि त्यातून निघालेल्या विजेला ‘नवीकरणीय ऊर्जा’ असे नाव मिळते. झाड तोडले तरी पुन्हा उगवते, तेव्हा हे इंधन कधी संपायचे नाही, असा यामागचा युक्तिवाद आहे. शासकीय कागदपत्रांत लाकूड, पालापाचोळा, पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या या साऱ्यांना मिळून ‘जैवभार’ म्हणतात. आपल्या घरांत याच वस्तूंना सरपण किंवा जळण म्हणत आले.

नाव बदलले की वस्तूची किंमत बदलते. बाईच्या डोक्यावरची मोळी हा गुन्हा, चुलीतले लाकूड हे मागासलेपण आणि बॉयलरमधले तेच लाकूड ही प्रगती, असे का व्हावे, हा प्रश्न मला या लेखात इतिहासाच्या अंगाने विचारायचा आहे. आपल्याकडे ऊर्जेचा इतिहास म्हणजे दगडी कोळसा, धरणे आणि अणुभट्ट्या यांचा इतिहास, असे समजले जाते. पण शतकानुशतके या देशाची चूल, भट्टी, भाता आणि सरण लाकडावर पेटले. ते लाकूड तोडणारे, फोडणारे आणि वाहणारे हात कोणाचे होते, हे लिहिण्याची गरज इतिहासकारांना फारशी वाटली नाही. ज्यांचे हात होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, फुकट मिळालेल्या श्रमाचा हिशेब कोणी ठेवत नाही.

गावगाड्यात महाराच्या वाट्याला जी कामे होती त्यांत लाकडे फोडणे हे एक ठरलेले काम होते. गावात सरकारी अंमलदार मुक्कामाला आला की त्याच्या स्वयंपाकाचे लाकूड महाराने आणावे आणि फोडून द्यावे. पाटलाच्या घरी लग्नकार्य निघाले की ढलप्यांचा ढीग महाराने रचावा. गावात मयत झाली की सांगावा महाराने न्यावा आणि सरणाची लाकडेही महाराने वाहावीत. या कामाला ठरलेले तास नव्हते, ठरलेली मजुरी नव्हती. वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुत्याचे धान्य या मोबदल्यात घरातल्या सगळ्यांचे श्रम गावाच्या आणि सरकारच्या मालकीचे होते. १८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था इंग्रजी राजवटीतही टिकवून धरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, ते या अमर्याद कामावरच बोट ठेवण्यासाठी. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

यातली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. महाराने भरलेले पाणी सवर्णाच्या घरात जात नसे, पण त्याने फोडलेली ढलपी थेट चुलीत जाई. कोरड्या लाकडाला विटाळ लागत नाही, अशी सोय शास्त्राने करून ठेवली होती. ज्या वस्तूवाचून अडत होते तिला विटाळातून सूट आणि ती आणणाऱ्याला मात्र वेशीबाहेरची जागा! अस्पृश्यता ही केवळ शुद्धाशुद्धाची कल्पना नव्हती. फुकट श्रमाची ती व्यवस्था होती. हे समजायला लाकडासारखे दुसरे उदाहरण नाही.

हा झाला गावातला भाग. रानातला इतिहास इंग्रजी राजवटीत बदलला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढल्या काही दशकांत लोहमार्ग देशभर पसरला. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत होते, आणि जिथे दगडी कोळसा पोहोचत नव्हता तिथे इंजिनांतही लाकूडच जळत होते. जंगले झपाट्याने तुटू लागली तेव्हा सरकारला जंगल राखण्याची निकड भासली. १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस या जर्मन तज्ज्ञाच्या हाताखाली वनखाते उभे राहिले. १८६५ साली पहिला वनकायदा झाला, १८७८ साली दुसरा व अधिक कडक, आणि १९२७ चा कायदा, काही दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे.

१८७८ च्या कायद्याने रानाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे तीन भाग केले. राखीव रानात पाऊल टाकण्यापासून काटकी उचलण्यापर्यंत बहुतेक गोष्टी परवानगीवाचून गुन्हा ठरल्या. या कायद्याच्या मुळाशी ‘हक्क’ आणि ‘सवलत’ यांतला भेद होता. हक्क नोंदवून घ्यायचा तर कागद लागे, जमीन लागे, साक्षी-पुरावे लागत. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते त्यांच्या वाट्याला सवलत आली, आणि सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. भूमिहीनाचे सरपण अशा रीतीने मेहेरबानीच्या खात्यात गेले. मी वर्गात हा कायदा शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांच्या टिपणांत तो ‘वनसंरक्षणाची सुरुवात’ एवढ्याच शब्दांत सापडतो. कोणापासून संरक्षण आणि कोणासाठी, हे दोन प्रश्न टिपणांत नसतात.

हे दोन्ही प्रश्न जोतीराव फुल्यांनी त्याच काळात विचारले होते. १८८३ साली लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर, दऱ्या, गायराने सरकारने गिळली आणि त्यामुळे गरिबांची गुरे व गरिबांची उपजीविका कशी बुडाली, हे त्यांनी मांडले. त्याच सुमारास ठाणे जिल्ह्यात राबाचा प्रश्न पेटला होता. भाताचे रोप टाकण्यापूर्वी झाडांच्या फांद्या आणि पाला जमिनीवर पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. फांद्या तोडण्यावर निर्बंध आले तेव्हा असंतोष इतका वाढला की, सरकारला १८८५ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी जंगल चौकशी आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल आला. रानातला पाला ही शेतीची, म्हणजे भाकरीची, बाब आहे हे त्यानिमित्ताने कागदावर आले, एवढे खरे. पण रानाची मालकी सरकारचीच राहिली.

सपाटीवरच्या गावांतल्या दलितांना तर रानही नव्हते. त्यांच्यासाठी होते गायरान, ओढ्याकाठच्या वेड्या बाभळी आणि दुसऱ्याच्या शेताचे बांध. बांधावरची वाळकी काटकी मोडली तरी शिवी खावी लागे. माझ्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. माझ्या आधीच्या पिढीतल्या बायकांचा अर्धा जन्म सरपण गोळा करण्यात, शेण वेचण्यात आणि धुरात गेला. त्या श्रमाची नोंद कुठल्याही ऊर्जा-आकडेवारीत नाही. आकडेवारीत लाकडाचे टन येतात. ते कोणाच्या मानेवरून आले ते येत नाही.

आता कोळशाकडे वळू. लाकडाची ऊर्जा शहराला विकायची तर ती हलकी करावी लागते, म्हणून लाकडाचा कोळसा पाडतात. लाकडे रचून त्यावर पाला आणि माती लिंपायची, आत बेताची हवा सोडायची आणि काही दिवस रात्रंदिवस भट्टीची राखण करायची. माती फुटून हवा आत शिरली तर कोळशाची राख होते. साध्या मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडामागे साधारण एक किलो कोळसा पडतो. कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांच्या डोंगरांत हे काम प्रामुख्याने कातकऱ्यांनी केले. ज्यांचे नावच खैराच्या झाडापासून कात काढण्यावरून पडले, असे मानतात, ती ही जमात. पावसाळ्यात खायला काही नसताना व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाऊन ती फेडायची, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. हिशेबाची वही व्यापाऱ्याची असल्यामुळे उचल फिटत नसे. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली आला, पण भट्ट्यांवरची आणि वीटभट्ट्यांवरची उचल त्यानंतरही सुटली नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाच्या टाक्या बसवण्यात आल्या. बंदिस्त टाकीत अपुऱ्या हवेत कोळसा जाळला की जळणारा वायू तयार होतो. तो गाळून इंजिनात सोडायचा, अशी ती युक्ती होती. जुन्या माणसांच्या बोलण्यात या कोळशाच्या गाड्यांची गंमत येते; चढणीवर उतारूंना उतरून गाडी ढकलावी लागे वगैरे. त्या कोळशामागची भट्टी आणि भट्टीशेजारची कातकऱ्याची खोप या गमतीत येत नाही. आज ज्याला बायोमास गॅसिफिकेशन म्हणतात त्याचे तत्त्व हेच आहे. म्हणजे लाकडापासून आधुनिक ऊर्जा काढणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लाकडापासून वीज काढण्याचे तंत्रच शोषक आहे, असे माझे म्हणणे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८८ साली कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात होसहळ्ळी नावाच्या लहानशा वस्तीत लाकडाच्या गॅसवर जनित्र चालवून दाखवले. जळणासाठी गावाजवळच झाडे लावली होती. त्या विजेवर घरांत दिवे लागले, पिण्याचे पाणी चढले, पिठाची चक्की फिरली. १९९७ साली सुंदरबनातल्या गोसाबा बेटावर ५०० किलोवॅटचे असेच केंद्र उभे राहिले. जिथे तारा पोहोचत नव्हत्या तिथे लाकडाने उजेड दिला, ही लहान गोष्ट नव्हे. दळण आणि पाणी या दोन कामांतून बाईची सुटका झाली तर तिचे अर्धे आयुष्य मोकळे होते.

बाबासाहेबांची यंत्राविषयीची भूमिका या ठिकाणी ध्यानात घेतली पाहिजे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधीजी यांच्या अस्पृश्यांविषयीच्या कार्यावरील ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराचा परखड समाचार घेतला. माणसाला पशूसारखे राबण्यापासून सोडवून विसावा देणे हे यंत्राचे काम आहे आणि विसाव्यावाचून संस्कृती नाही, असा त्यांचा मुद्दा होता. यंत्रापासून जे अनर्थ झाले त्यांचा दोष त्यांनी यंत्राला दिला नाही. यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेला दिला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युत्‌विषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, आणि मुळात वीज हवी कशासाठी, हे प्रश्न पुढे ठेवले. स्वस्त आणि भरपूर वीज मिळाली तर उद्योग वाढतील आणि दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणूस सुटेल, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. आपल्या चळवळीने त्यांच्या राज्यघटनेचा जितका अभ्यास केला तितका या ऊर्जा-विचाराचा केला नाही.

मालकीचा हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर गायरानावर उभा राहिला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात दलितांनी गायराने नांगरली, मार खाल्ला, खटले सोसले आणि त्यावर ज्वारी पिकवली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासकीय निर्णय पुढे झाला. याच काळात दुसरीकडून सामाजिक वनीकरण आले. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ सालच्या अहवालात गावकऱ्यांना वनोपज फुकट दिल्यामुळे जंगलांचा नाश झाला, असा निष्कर्ष काढला आणि गावाचे जळण गावाच्या जमिनीवर पिकवावे अशी शिफारस केली. सुबाभूळ आणि निलगिरी यांची लागवड जोरात सुरू झाली. कल्पना गरिबाच्या चुलीची होती. पण देशातल्या अनेक भागांत ही झाडे कागद-कारखान्यांकडे आणि बांधकामाच्या बल्ल्यांकडे गेली, कारण तिथे भाव होता. लागवडीला ‘पडीक’ जमीन लागत होती आणि सरकारी भाषेत गायरान म्हणजे पडीक. ज्या तुकड्यावर दलित कुटुंब पोट भरत होते त्यावर खड्डे खोदून रोपे लावण्याचे प्रसंग मराठवाड्याने पाहिले. झाड लावणे हे पुण्यकर्म समजले जात असल्याने त्याला विरोध करणारा आपोआप अपराधी ठरला.

आता आजचा काळ. लाकडी पेलेटचा सर्वांत मोठा प्रयोग इंग्लंडात झाला. यॉर्कशायरमधले ड्रॅक्स हे त्या देशातले सर्वांत मोठे कोळशाचे विद्युत्केंद्र २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लाकडावर नेण्यात आले. लाकूड जाळल्यावर विजेच्या प्रत्येक युनिटमागे निघणारा कर्बवायू दगडी कोळशापेक्षा कमी नसतो. तरीही हिशेबात विद्युत्केंद्राच्या नावावर तो शून्य धरला जातो; कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याची नोंद जिथे झाड तुटले तिथल्या जमिनीच्या खाती करायची असते. झाड जळायला काही मिनिटे लागतात, वाढायला काही दशके. २०२१ च्या फेब्रुवारीत ५०० हून अधिक शास्त्रज्ञांनी जगातल्या प्रमुख नेत्यांना पत्र लिहून याबद्दल इशारा दिला होता.

या पेलेटचा मोठा भाग अमेरिकेच्या दक्षिण राज्यांतून येतो. मिसिसिपी राज्यात ग्लॉस्टर नावाचे एक लहान गाव आहे; वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची. ड्रॅक्सचा एक पेलेट कारखाना तिथे आहे. हवेत सोडलेल्या वायूंनी कायद्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल २०२०-२१ च्या सुमारास राज्याच्या पर्यावरण खात्याच्या कारवाईत कंपनीला २५ लाख डॉलर भरावे लागले. धूळ, गोंगाट आणि श्वासाचे विकार यांबद्दल तिथले रहिवासी आवाज उठवत आले आहेत. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या नात्याला आज काही अर्थ उरला असेल तर ग्लॉस्टरची बातमी आपल्या पाक्षिकांत आणि सभांत यायला हवी. वीज आणि स्वच्छतेचा शिक्का एकाच्या खाती, धूळ दुसऱ्याच्या फुप्फुसात, ही हिशेबाची रीत आपल्याला ओळखीची आहे.

आपल्याकडे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांना कोळशात सुमारे ५ टक्के जैवभार मिसळण्याचे धोरण दिले. त्याचा मुख्य रोख शेतातल्या काडीकचऱ्यावर आहे आणि पंजाब-हरियाणात तण जाळल्याने होणाऱ्या धुराचा विचार करता तो चुकीचाही नाही. पण विदर्भ-मराठवाड्यात कापूस निघाल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटी हे शेतमजूर बाईचे वर्षाचे जळण आहे. ती उपटून शेत मोकळे करून द्यायचे आणि मोबदल्यात ती घरी न्यायची, ही रीत आहे. पऱ्हाटीला टनावर भाव आला की ती ठेकेदाराच्या ट्रकमध्ये जाईल, आणि उपटणारीला मजुरी मिळाली तरी जळण जाईल. सिलिंडर आहे ना, असे कोणी म्हणेल. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली हे खरे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे सुमारे ५९ टक्केच आढळली. उरलेल्या ४१ टक्क्यांत कोण आहेत, हे जात आणि जमीन यांची माहिती असणाऱ्याला सांगावे लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या बेकऱ्यांना लाकूड आणि कोळसा सोडून स्वच्छ इंधन वापरण्याचा आदेश दिला. मुंबईकराच्या फुप्फुसासाठी तो आवश्यकच होता. शहरात धूर म्हणून जे नाकारले जाते तेच खेड्यातली बाई रोज फुंकणीने फुंकते, एवढे मात्र विसरता कामा नये.

तर मग आपण काय मागायचे? चुलीचे गोडवे गाणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहू नये. मोळी हा आपला सांस्कृतिक वारसा नाही. ती लादलेली मेहनत होती आणि ती जितक्या लवकर सुटेल तितके बरे. पण मोळी डोक्यावरून उतरवायची ती गॅस आणि वीज हाती देऊन. रान आणि शिवार हिरावून नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूबरोबर काटक्या आणि झाडांचे बुंधेही घातले आहेत. म्हणजे सरपण हा आता कायद्याने हक्क आहे, सवलत नाही. १८७८ साली जे झाले त्याचे हे अंशतः परिमार्जन होय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली आपला बांबू आपल्या परवान्याने विकून दाखवला. पण याच कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करण्याची अट आहे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले आणि ज्यांची नोंद कोणी केली नाही, त्या दलित कुटुंबांनी हा पुरावा कोठून आणायचा? ही अट बदलून घेणे ही आपल्या चळवळीची मागणी असली पाहिजे.

जंगलाच्या किंवा शेतातल्या जैवभारावर कुठेही प्रकल्प येत असेल तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत उभे राहून काही साधे प्रश्न विचारावेत. हे जळण आजवर कोण नेत होते? उद्या त्यांच्या घरी काय जळेल? लागवडीची जमीन ‘पडीक’ म्हणून कोणी लिहिली आणि ती कसतो कोण? भुसा आणि धूर कोणत्या वस्तीकडे जाईल? तोडणाऱ्या-वाहणाऱ्यांना रोजची मजुरी मिळेल की उचल? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर तो प्रकल्प आपल्याही मालकीचा होऊ शकतो. होसहळ्ळीत दिवे लागलेच होते. उत्तरे मिळाली नाहीत, तर झाड पुन्हा उगवते एवढ्या एका सत्याच्या आधारावर त्याला मान्यता देता येणार नाही. शिक्षकांनीही एक काम करावे. विद्यार्थ्यांना आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारायला सांगावे : सरपण कुठून आणत होता, किती कोस चालत होता, कोणी अडवले, काय सोसले. त्या उत्तरांतून या देशाच्या ऊर्जेचा जो इतिहास लिहिला जाईल तो अजून कोणत्याही ग्रंथालयात नाही, आणि सांगणाऱ्या बाया आता फार उरलेल्या नाहीत.